बकासुराचं मासिक वेतन

बकासुराला रोज जेवायला घालत नसत, महिन्यातून एकदा घालत असत, हे मी आता बेलभंडार उचलून सांगायला तयार आहे. हिशोब माझ्याकडे लेखी आहे. तो एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आहे आणि त्यावर तुपाचा डाग पडलाय, पण आकडेमोड पक्की आहे. भाचीने तपासली आहे, आणि भाची कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते.

पत्रिका मामेबहिणीच्या मुलीची. लग्न एरंडोलला. आमच्या खानदेशात एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रानगरी असं मानतात, आणि तिथून जवळच पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराला मारलं हे प्रत्येक आजी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगते. देशात आणखीही गावं एकचक्रा असल्याचा दावा करतात. पण तिथल्या लग्नात वरण-बट्टी नसते, त्यामुळे आम्ही ते दावे विचारात घेत नाही.

ज्यांनी बट्टी खाल्लेली नाही त्यांना एवढंच सांगतो, की जाडसर कणकेचा ओवा-हळद घातलेला गोळा आधी वाफवतात, मग चिरतात, मग तळतात, आणि इतकं होऊनही त्याच्यावर तूप सोडतात. सोबत घोटलेलं वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. मी चार बट्ट्यांवर थांबलो. माझ्या डाव्या हाताला आप्पामामा बसले होते. वय त्र्याहत्तर, कंबरेला करगोटा, धोतराची गाठ जेवणाआधीच दोन बोटं सैल केलेली. मामा बट्टी मुठीने फोडतात. फोडलेल्या ढिगाला अंगठ्याने आळं करतात, त्यात वरण, वरणात तूप, आणि मग चारी बोटांनी कालवताना मनगटापर्यंत जी चमक येते ती मी अजून कुठल्या क्रीमच्या जाहिरातीत पाहिलेली नाही. अकराव्या बट्टीला समोरच्या पंगतीतून मामी म्हणाल्या, "अहो, पुरे की आता. बकासुर बरा."

मामांनी घास गिळला, मग उत्तर दिलं. "बकासुर कुठं जेवला? त्याचं जेवण भीमाने खाल्लं. म्हणायचंच तर भीम म्हण."

रात्री अडीच वाजता मी कार्यालयाच्या गादीवर उठून बसलो होतो. छातीत वणवा, घशाशी आंबट. शेजारी मामा डाव्या कुशीवर वळून असे घोरत होते, की मांडवाच्या कनाती आत-बाहेर होतायत असा भास व्हावा. चार बट्ट्यांवर माझी ही गत आणि चौदा बट्ट्यांवर त्यांची ती. यात अन्याय आहेच, पण त्याहून एक प्रश्न आहे. आपण आयुष्यभर खाण्याचं कौतुक ऐकतो. पचवण्याबद्दल कोणी काही सांगत नाही. बकासुर गाडाभर भात खायचा, बरं. मग पुढे? तो गेला कुठे? कशाने जिरला? एवढ्या भाताचं तो करायचा काय?

बाळाचं दूध गरम करायला भाची उठली होती. तिला विचारलं. तिने आधी मला अँटासिडची गोळी दिली आणि मग म्हणाली, "मामा, अगोदर त्याचा आहार नीट लिहून काढा."

लिहून काढला. आदिपर्वात एकचक्रेचा ब्राह्मण कुंतीला जे सांगतो त्यात तीन बाबी आहेत. एक गाडाभर भात, दोन रेडे, आणि हे सगळं घेऊन जाणारा एक माणूस. म्हणजे आणणावळसुद्धा पानात वाढलेली. भातही असातसा नाही, मुळात शब्द शाली असा आहे. साळीचा तांदूळ, चांगल्यातला. राक्षस रानात राहत होता, पण कण्या किंवा भगर चालवून घेत नव्हता.

इथेच भाचीने पहिली हरकत घेतली. तिचं म्हणणं, निव्वळ मांसाहारी प्राण्याने भात मागितलाच नसता. मांजराच्या लाळेत पिष्ट फोडणारं अमायलेज नावाचं पाचकद्रव्य नसतं. मांजराला गाडाभर भात म्हणजे गाडाभर कापूस. कुत्रा मात्र माणसाच्या उकिरड्याशेजारी राहून सुधारला. लांडग्यापेक्षा कुत्र्यात अमायलेजच्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात, हे २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिलं. तेव्हा बकासुर लांडग्याच्या रांगेत बसत नाही, कुत्र्याच्या आणि आपल्या रांगेत बसतो. गावाला धरून राहिलेला, भातावर वाढलेला. आणि त्याचं काम काय होतं? तोच ब्राह्मण सांगतो, की इथला राजा दुबळा आहे, परचक्रापासून आणि इतर भुताखेतांपासून या मुलखाचं रक्षण हा राक्षस करतो, आणि त्याचं हे वेतन ठरलेलं आहे. वेतन हा शब्द माझा नव्हे, मुळातला आहे. खंडणी नव्हे, बळी नव्हे, वेतन. बकासुर एकचक्रेचा वॉचमन होता.

आता वेतन किती, ते पाहू. आजोबांच्या बैलगाडीत दहा पोती ज्वारी बसायची, म्हणजे दहा क्विंटल. तेवढाच शिजलेला भात धरला. शंभर ग्रॅम भाताला सुमारे १३० कॅलरी. दहा क्विंटलांचे झाले १३ लाख. रेडा साडेचारशे किलोचा धरला, आणि राक्षस शिंगं-खूर सोडून बाकी काही टाकत नाही असं गृहीत धरलं, तर दोन रेड्यांचे १५ लाखांच्या आसपास. राहिला माणूस. माणसाच्या अंगात किती कॅलरी असतात याचा हिशोब २०१७ साली जेम्स कोल नावाच्या एका ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने मांडलाय. अश्मयुगात माणसं माणसांना खायची ती पोटासाठी की दुसऱ्या कशासाठी, हे त्याला तपासायचं होतं. त्याचा आकडा सुमारे सव्वा लाख.

मी पत्रिकेवर बेरीज केली. साधारण सव्वाएकोणतीस लाख. त्यात माणसाचा वाटा शंभरात चार.

हा आकडा पाहून मी बराच वेळ गप्प बसलो. लहानपणापासून या गोष्टीतला सगळा रडण्याचा भाग त्या माणसासाठी आहे. ब्राह्मण म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मीच जाते, आणि बोबडं बोलणारं धाकटं पोर हातात गवताची काडी घेऊन म्हणतं, याने मी राक्षसाला मारीन. आजी इथे पदर डोळ्याला लावायची. आणि राक्षसाच्या पानात तो माणूस म्हणजे चटणी! डाव्या बाजूला, मिठाच्या आणि लिंबाच्या फोडीच्या मधे बोटभर. ती नसती वाढली तरी पोट तेवढंच भरलं असतं. कोलचाही निष्कर्ष असाच निघाला होता, की माणूस हे काही फायद्याचं अन्न नाही. घोडा किंवा रानगवा मारलेला परवडतो. म्हणजे बकासुर माणूस मागत होता तो भुकेपोटी नव्हे. मानपानाचा भाग होता तो. आमच्याकडे व्याह्यांना आहेरात टोपी लागते. डोक्यावर कोणी घालत नाही, पण नसली तर रुसवा.

आता मुख्य प्रश्न, एवढं अन्न पुरायचं किती दिवस? गोष्टी सांगणारे बिनदिक्कत "रोज" म्हणतात. भाची म्हणाली, करून पाहू. मॅक्स क्लायबर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ साली एक नियम मांडला, की प्राणी जितका मोठा, तितकी त्याच्या दर किलोची भूक कमी. हत्ती उंदराच्या हिशोबाने जेवायला लागला तर अख्खं अभयारण्य आठवड्यात साफ होईल. वजनाचा तीन-चतुर्थांश घात घ्यायचा, त्याला सत्तरने गुणायचं, की पडून राहण्यापुरत्या कॅलरी मिळतात. हिंडण्या-फिरण्यासाठी दुप्पट धरायच्या. हा नियम उलटा लावला. रोज सव्वाएकोणतीस लाख कॅलरी लागणारा प्राणी वजनाला केवढा असेल?

उत्तर आलं सुमारे सहाशे टन. निळा देवमासा दीडशे टनांचा. चार देवमासे एकावर एक रचून त्यांना दाढी लावली तर जे होईल ते पद्मालयाच्या रानात बसलेलं असायचं, आणि भीमाने ते गुडघ्यावर घेऊन मोडलं. भीमाबद्दल मला आदर आहे, पण गुडघ्यालाही काही मर्यादा असते. शिवाय सहाशे टनांचा प्राणी जमिनीवर उभाच राहू शकत नाही. उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं आणि हाडांच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढतं, हे जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालच्या एका निबंधात गोष्टींतल्या राक्षसांचंच उदाहरण देऊन समजावलंय. तो राक्षस पहिलं पाऊल टाकताच मांडीचं हाड मोडून बसेल, असं त्यांचं म्हणणं. हे हाल्डेन पुढे इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले. त्यांना कोणी बकासुराचा आहार विचारला असता तर एका बैठकीत सांगितला असता, अशी मला खात्री आहे.

तेव्हा उलट निघालो. बकासुर हत्तीएवढा धरला, पाच टन. इतपत आकार भीमाच्या गुडघ्याला झेपेल असं मानू. रोजची गरज सुमारे ८३ हजार कॅलरी. सव्वाएकोणतीस लाखांना ८३ हजारांनी भागलं, पस्तीस दिवस आणि वर थोडे तास. आता खाल्लेलं सगळंच अंगी लागतं असं नाही, पंधरा टक्के वाया गेलं म्हणू.

तीस दिवस.

मी भाचीकडे पाहिलं. भाचीने माझ्याकडे पाहिलं. बाळाचं दूध उतू गेलं.

एक तारखेला भरलेलं गाडं, पुढच्या एक तारखेपर्यंत काटकसर. म्हणून तर व्यासांनी वेतन म्हटलं! आणि दुसराही पुरावा आहे. ब्राह्मण सांगतो, की ही पाळी एकेका घरावर पुष्कळ वर्षांनी येते. पाचशे उंबऱ्यांचं गाव धरलं आणि राक्षस रोज जेवला, तर पाळी दीड वर्षाच्या आत फिरून येणार. तिला कोणी पुष्कळ वर्षं म्हणत नाही. महिन्याचा हिशोब धरला तर चाळीस वर्षं उलटतात. एका माणसाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा. ब्राह्मणाची तक्रार तशीच तर आहे.

उत्साहाच्या भरात माझं पित्त बरंचसं उतरलं होतं. भाचीने मात्र एक अडचण काढली. महिन्याचं जेवण एका बैठकीत खायचं, म्हणजे पोट तसं घडलेलं हवं. अन्न आत साठवून सावकाश पचवणारं. तिला अजगर आठवला. अमेरिकेत स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड या दोघांनी १९९०च्या दशकात ब्रह्मदेशी अजगरांना उंदीर खाऊ घालून त्यांच्या पोटात काय काय होतं ते बारकाईने मोजलं. अजगर महिनोन्महिने उपाशी असतो तेव्हा तो पचनसंस्था चक्क मिटवून ठेवतो. आतडं आकसतं, आणि जठरात आम्ल नसतंच.

"नसतंच म्हणजे?" मी विचारलं.

"बंद असतं मामा. पाण्यासारखं. आम्लाचा पत्ता नाही."

"रिकाम्यापोटी जळजळ..."

"कशी होणार?"

ही गोष्ट मला त्या रात्री फार लागली. माणसाचं जठर जेवण येवो न येवो, आपलं थोडं थोडं आम्ल सोडत बसतं. गिऱ्हाईक नसताना पितळी घासत बसलेल्या खानावळवाल्यासारखं. आणि तो सरपटणारा प्राणी पट्टा उतरवलेल्या गिरणीसारखा थंड. उंदीर गिळला की मात्र चक्र फिरतं. दिवसभरात जठर लिंबाच्या रसाइतकं आंबट होतं. आतड्याचं वजन दुप्पट होतं. विश्रांतीत जेवढी ऊर्जा लागते त्याच्या चाळीसपटीपर्यंत ती नुसती पचनात खर्च होते. घोडा भरधाव पळतो तेवढी, आणि हा जागच्या जागी वेटोळं घालून. दोन-तीन दिवसांत हृदयसुद्धा चाळीस टक्क्यांनी वाढतं. उंदीर संपला की सगळं पुन्हा आकसून पूर्ववत. आप्पामामांचंही हृदय मोठं झालंय असं डॉक्टर म्हणाले होते, पण ते कौतुकाने म्हणाले नव्हते.

अजगर तोंड एवढं उघडतो कसा, तेही सांगून टाकतो, कारण जबडा निखळतो अशी एक समजूत आहे. निखळत नाही. त्याच्या खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीशी जोडलेलीच नसतात, मधे रबरासारखा स्नायुबंध असतो. बकासुराचं वर्णन आठवा. कानापासून कानापर्यंत फाटलेलं तोंड. व्यासांनी भीतीसाठी लिहिलं असेल, पण शरीररचना चोख आहे.

अजगराच्या या हिशोबात बकासुरापेक्षा जास्त बसतो तो कुंभकर्ण. सहा महिने झोप, एक दिवस जाग. ही झोप आळसाची नव्हे हो, आतड्याची आहे. आणि या दृष्टीने युद्धकांड वाचलं की लंकेच्या युद्धखात्याची चूक लख्ख दिसते. त्याला उठवायला ढोल, शंख, अंगावर हत्ती चालवले, ठीक. उठल्यावर मांसाचे ढीग, रक्ताचे घडे, तेही समजू शकतो. पण रावणाकडे निघताना वर मद्याचे दोन हजार घडे, आणि जेवल्या पावली युद्ध! अजगराला जेवल्यावर काही दिवस कोणी हात लावू नये असं सर्पमित्र सांगतात. लावला तर तो खाल्लेलं सगळं बाहेर काढतो, कारण भरल्या पोटी ना पळता येत ना लढता. रावणाने भावाला निदान वामकुक्षी तरी घेऊ द्यायला हवी होती. कुंभकर्णाने रणात मूठमूठ वानर तोंडात टाकले आणि ते नाका-कानांतून बाहेर पडले, असं वाल्मीकी लिहितात. लोक याला अतिशयोक्ती म्हणतात. मी अजीर्ण म्हणतो.

आणि अतिशयोक्ती तर नाहीच. नागासाकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली क्ष-किरणांखाली एक गंमत चित्रित केली. मोठ्या माशाने ईल माशाचं पिल्लू गिळलं, पिल्लू जठरात गेलं, तिथे गरागरा फिरलं, शेपटीने अन्ननलिकेची वाट चाचपली आणि उलट्या पावली कल्ल्यातून बाहेर पडलं. ३२ पैकी ९ पिल्लं सुटली. वानरसेना मोजायला तिथे कोणी नव्हतं एवढाच फरक. कोबे विद्यापीठाच्या शिंजी सुगिउरा यांनी त्याआधी, २०२० मध्ये, एक पाणभुंगा पाहिला. बेडकाने तो गिळला तर तो न थांबता आतड्याच्या बोगद्यातून चालत जातो आणि मागच्या दाराने जिवंत बाहेर येतो. गिळलेल्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त भुंगे सहा तासांत सुखरूप बाहेर. एकाने तर सहा मिनिटांत रस्ता काढला. बेडकाला काय वाटत असेल, याचा विचार मी वांग्याची भाजी आठवून सोडून दिला.

गिळलेल्याने परत यायचं, हा आपल्याकडे जुना धंदा आहे. इल्वल आणि वातापी हे दोघे भाऊ त्यावरच चरितार्थ चालवायचे. वातापीने बोकड व्हायचं, इल्वलाने त्याचा रस्सा करायचा, ब्राह्मणाला आग्रह करकरून वाढायचा, आणि जेवण झालं की हाक मारायची: वातापे, ये रे बाहेर. पोट फाडून भाऊ हजर. कर्नाटकातलं बदामी म्हणजे चालुक्यांची वातापी, आणि वेरूळचं नाव इल्वलावरून पडलं असंही सांगतात. दोन्हीकडची लेणी पाहायला गेलं तर रस्सा जपून मागवावा. यांच्या दारी अगस्ती आले. पूर्ण बोकड एकट्याने संपवला. इल्वलाने हाक मारली, आणि वनपर्व म्हणतं, की ऋषींच्या ठायी मेघगर्जनेसारखा मोठा आवाज करत वायू प्रकट झाला. वातापी जिरला होता. हा वायू नेमका कुठून प्रकट झाला याबद्दल काही पाठ जरा जास्तच स्पष्ट आहेत. आमच्या आजीने त्याचा ढेकर केला होता. मी ते मूळ वाचलं तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि आजीबद्दलचा आदर वाढला.

राक्षसांमध्ये पचनाचा खरा रुग्ण मात्र दुसराच. गोकुळातला बकासुर वेगळा, एकचक्रेच्या बकासुराशी त्याचा संबंध नाही. हा खराखुरा बगळ्याच्या रूपात आला आणि कृष्णाला गिळता झाला. टाळूच्या मुळाशी विस्तवासारखी आग पडली आणि त्याने तो तसाच ओकून टाकला. हे वाचून मी भागवत मिटलं आणि छातीवर हात ठेवला. खाल्लेलं वर येणं, घशाशी जळजळ, टाळूला आग. गावातल्या माझ्या डॉक्टरांनी हीच तीन लक्षणं विचारून गोळ्या लिहून दिल्या होत्या. बगळ्याला गोळी मिळाली नाही. चोच धरून उभा चिरला गेला.

कबंधाबद्दल दोन शब्द. त्याचं डोकं आणि मांड्या इंद्राने वज्राने पोटातच ठोकल्या. यावर कबंधाची पहिली तक्रार काय, तर आता मी जेवू कसा? इंद्रालाही ते पटलं. त्याने पोटालाच तोंड दिलं आणि योजनभर लांब हात दिले. अन्ननलिका नाही, त्यामुळे काही वर येण्याचा प्रश्नच नाही. एका जागी बसायचं आणि हाताला लागेल ते ओढायचं, समुद्रफुलासारखं. मला तर ही रचना आदर्श वाटते, पण त्यात वरण-बट्टीचा वास घेता येणार नाही.

आमच्या घरात जेवण झालं की पोटावरून हात फिरवत पाच नावं घ्यायची पद्धत होती. अगस्ती, कुंभकर्ण, शनी, वडवानल आणि भीम. खाल्लेलं जिरावं म्हणून. लहानपणी मला त्या यादीत कुंभकर्ण आहे याचंच नवल वाटायचं. राक्षसाचं नाव घेऊन देवघरासमोर ढेकर द्यायचा म्हणजे काय! त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं, की यादीत बकासुर नाही. खाण्यासाठी सगळा महाराष्ट्र त्याचं नाव घेतो, पचवण्यासाठी कोणी घेत नाही. इतकी वर्षं गाडी भरभरून खाल्लं, पण पचलं याची नोंद कोणी ठेवलेली नाही. नोंद आहे ती भीमाची. कालकूट घातलेलं जेवण जिरवलं, नागलोकात आठ कुंडं रस पिऊन आठ दिवस झोपला आणि तोही जिरवला. अजगराला जमणार नाही.

भीमाच्या त्या गाड्यावरच्या जेवणाकडेही आता मी वेगळ्या नजरेने पाहतो. एकचक्रेत पांडव भिक्षा मागून राहत. आलेल्या भिक्षेचे कुंती दोन वाटे करायची. अर्धी एकट्या भीमाला, उरलेल्या अर्ध्यात बाकीचे पाच. तरी तो अर्धपोटीच असणार. पाच टनी वॉचमनचा पगार दर महिन्याला आपल्या दारावरून जातोय आणि आपला मुलगा रात्री कूस बदलतोय, हे आईला दिसत नसेल? ब्राह्मणाचे उपकार फेडायचे म्हणून तिने भीमाला पाठवलं, असं ती युधिष्ठिराला सांगते, आणि ते खरंच आहे. पण गाडं भरताना तिने भात जरा दाबून भरला असेल, असं मला वाटतं.

पुढचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. भीम राक्षसाकडे पाठ करून जेवत बसला. बकासुराने दोन्ही हातांनी पाठीत गुद्दे घातले, हा जेवतोय. झाड उपटून आणलं, हा जेवतोय. भात संपवून, हात-तोंड धुऊन, मग उठला. मला आता त्या क्षणी बकासुराचीच दया येते. तीस दिवस पोट बांधून बसलेला माणूस (राक्षस, पण तरी), पगाराची तारीख, समोर गाडं, आणि दुसराच कोणीतरी तुपाचा हात चाटत म्हणतोय, थांब जरा.

सकाळी मामांना हे सगळं वाचून दाखवलं. ते ओट्यावर उन्हाला पाठ करून बसले होते, हातात पोह्यांची दुसरी बशी. सहाशे टन ऐकून त्यांनी मान डोलावली. चटणीचा भाग ऐकून म्हणाले, "चटणी लागतेच रे." तीस दिवसांवर काही बोलले नाहीत. शेवटी पत्रिका हातात घेऊन, डोळ्यांपासून लांब धरून, ते आकडे बघत राहिले.

"आणि रेडे?" त्यांनी विचारलं. "भीमाने भात खाल्ला. दोन रेडे तुझ्या बेरजेत आहेत, पंधरा लाखांचे. ते कुठं गेले?"

मी भाचीकडे पाहिलं. तिने बाळ उचललं आणि आत गेली.

"ते आले असतील परत," मामाच म्हणाले, शेव पोह्यांवर पेरत. "गाडं कोण आणणार होतं मग?"